दुसऱ्याच्या पट्टीवरची सोंगटी

"सहा बांबू. शार्लोट, आण इकडे तो जोकर."

लेनोर गिटलमननं सोंगटी पुढे सरकवली आणि हात पसरला. समोर बसलेल्या शार्लोटनं सोंगट्या मांडायच्या आपल्या पट्टीवरचा जोकर उचललासुद्धा. तेवढ्यात डावीकडून बॉबी गरजली. बॉबी स्क्लारचा आवाज चाळीस वर्षं शाळेच्या मैदानावर पोरींना पळायला लावून तयार झालेला. तो आला की चहाच्या कपाकडे गेलेला हातही तिथल्या तिथं थांबे.

"थांबा, थांबा! कुणी हलू नका. लेनोर, ते आठ आहेत. आठ बांबू! सहा कुठून काढलेस तू?"

 लेनोरनं घाईनं हसून घेतलं. "अगं बाई, आठच की! बघ, माझं मेलीचं लक्ष..."

"आणि तू गं?" बॉबी शार्लोटकडे वळली. "ती सहा देतेय आणि तू मुकाट्यानं जोकर काढून देतेस? ती सोंगटी घेतली असतीस तर तुझाही डाव बाद झाला असता."

"लक्ष नव्हतं माझं," शार्लोट म्हणाली.

"कुणाचंच लक्ष नाही. मग इथं खेळायला येता की एसीत थंडी खायला?"

"काय झालं? कोण गेलं?" फेनं विचारलं. फे चौऱ्याऐंशीची, एका कानानं ठार बहिरी. टेबलावर जरा आवाज चढला की कुणीतरी वारलं असंच तिला वाटे.

"कुणी गेलं नाही, फे! लेनोरनं चुकीची सोंगटी दिली!"

"हात्तिच्या," असं म्हणून फेनं वाटीतलं आणखी एक द्राक्ष तोंडात टाकलं.

चूक तशी मोठी नव्हतीच. माहजाँगमध्ये एखादीनं तीन-चार सारख्या सोंगट्या उघड्या मांडल्या आणि त्यात एखादी कमी पडली, तर ती जागा जोकर भरून काढतो. दुसऱ्या कुणाकडे ती खरी सोंगटी असली, की आपल्या पाळीला ती देऊन जोकर घ्यायचा. चुकीची दिली गेली तर? पुढची सोंगटी टेबलावर टाकायच्या आत कळलं तर परत घ्यायची, कुणी राग धरायचा नाही. टाकल्यावर कळलं तर डाव बाद, मग बसायचं हाताची घडी घालून. आणि चूक जिला दिसेल तिनं बोलायचंच, मग समोर सख्खी बहीण का असेना. हा बॉबीचा कायदा होता. फ्लोरिडातल्या त्या निवृत्तांच्या वसाहतीत, क्लबाच्या पत्त्यांच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर तो एकवीस वर्षं चालू होता.

लेनोरनं सहा बांबू परत आपल्या पट्टीवर ठेवला. ठेवताना तिनं त्यावरून अंगठा फिरवला. तिचा अंगठा कधी चुकत नसे.

हेच तर तिचं गुपित होतं. सोंगट्या जुन्या, खोल कोरलेल्या. न्यूयॉर्कमध्ये, क्वीन्समधल्या नवरीच्या कपड्यांच्या दुकानात लेनोरनं तीस वर्षं झालरी शिवल्या होत्या, बोटांना कापडातला एकेक धागा कळायचा. गेल्या हिवाळ्यात नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग आला. जिथं बघावं तिथं तो नेमका आधी जाऊन बसायचा. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघायचं तेवढंच पुसलेलं. तेव्हापासून ती आपल्या सोंगट्या अंगठ्यानं वाचत होती. बांबूच्या काड्या, टिकल्यांचे गोल, सगळं अंगठ्याखाली नीट उमटायचं. दुसरीच्या पट्टीवर काय मांडलंय ते मात्र हात लावून बघता येत नाही. ते ती कानांनी धरून ठेवी. कुणी काय टाकलं, कुणी काय उचललं, सगळं पाठ. पण आज फेनं नातवाच्या लग्नाचं पुराण लावलं आणि त्या गडबडीत शार्लोटनं काय उचललं ते निसटलं. मग तिनं समोर बघितलं, डागाच्या कडेनं काहीतरी हिरवं दिसलं आणि ठोकून दिलं सहा.

डॉक्टरांनी पाच आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं, "मिसेस गिटलमन, यावर औषध नाही. आणि गाडी आजपासून बंद." तिनं मान हलवली होती, त्यांचे आभार मानले होते, आणि खाली येऊन गाडी चालवतच घरी गेली होती. कुणाला सांगितलं नाही. डेन्व्हरच्या मुलीला तर नाहीच.

सांगून करणार काय? तिचा नवरा इर्व्ह नऊ मैलांवरच्या केअर सेंटरात होता. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं पाच-सहा शब्दांवर आलं. संध्याकाळी पाचला जेवणाचा ट्रे येई आणि तो फक्त लेनोरच्या हातून खाई. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की ओठ घट्ट. मदतनीस बायका तरी किती वाट बघणार? वीस जणांना भरवायचं असतं त्यांना. फेब्रुवारीत लेनोर तापानं आठवडाभर पडली, तर तेवढ्यात त्याचं वजन सात पौंडांनी उतरलं. बसनं जायचं तर दोन बदलायच्या, आणि परतीची दुसरी सहानंतर नाही. थोडक्यात काय, गाडी होती म्हणून इर्व्ह जेवत होता. आणि लायसन्स तीन आठवड्यांनी संपत होतं. या खेपेला ते पोस्टानं येणार नव्हतं, लायसन्सच्या ऑफिसात खिडकीपाशी उभं राहून अक्षरं वाचून दाखवायची होती. 

"लेनोर! तुझी पाळी," बॉबी म्हणाली. "झोपलीस का?"

"जागी आहे गं बाई. ओरडू नकोस."

तिनं मधे रचलेल्या सोंगट्यांच्या भिंतीतली एक ओढली. अंगठा फिरवला. तीन टिकल्या. तिच्या डावात तिचा उपयोग नव्हता. पण कुणाच्या पट्टीवर तीन टिकल्या उघड्या होत्या का? मघाच्या चुकीनंतर पाठ केलेलं सगळं सांडून गेलं होतं. फेनं काहीतरी मांडलं होतं खरं. टिकल्या होत्या की चिनी अक्षरांचे क्रॅक? बघायचं म्हटलं तर डाग आडवा. विचारायचं म्हटलं तर बॉबी म्हणणार, समोर तर आहे, दिसत नाही का? त्यापेक्षा टाकून मोकळं व्हावं. टाकण्यात कसली चूक होते?

"तीन टिकल्या," ती म्हणाली आणि सोंगटी मधे टाकली.

कुणी बोललं नाही.

एसीचा घरघराट तेवढा ऐकू येत होता. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसलं. लेनोरनं डाग बाजूला सारून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. बॉबीचा चेहरा तिच्याकडेच वळलेला होता. शार्लोटनं मान खाली घातली होती.

मग लेनोरला समजलं. फेच्या पट्टीवर तीन टिकल्याच होत्या. दोन खऱ्या आणि जोकर. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जोकर पडलेला असताना तिनं खरी सोंगटी फेकून दिली होती. पहिल्या दिवशी शिकायला आलेली बाईसुद्धा असं करत नाही. चुकीची सोंगटी देणं ही विसराळूपणाची चूक म्हणून खपली असती. पण ही चूक जिला दिसत नाही तीच करू शकते.

तिला वाटलं, आता बॉबी गरजणार. गरज ना गं. "अगं वेडे, जोकर घ्यायचा सोडून..." असं काहीतरी म्हण, मी हसेन, तू चिडशील, सगळं पहिल्यासारखं होईल. पण एकवीस वर्षांत पहिल्यांदा बॉबी स्क्लार चूक दिसूनही गप्प बसली.  बॉबीच्या ओरड्याला लेनोर कधी घाबरली नव्हती, पण या गप्प बसण्याला घाबरली.

"फे, तुझी पाळी," एवढंच बॉबी म्हणाली, तेही हळू आवाजात.

फेनं ते बरोबर ऐकलं नाहीच.

सव्वाचारला खेळ मोडला. लेनोर आणि शार्लोट पार्किंगकडे निघाल्या. शार्लोट वाइस लेनोरच्याच इमारतीत, एक मजला खाली राहायची. नवरा गेल्यावर तिनं गाडी शिकून घेतली नाही ती नाहीच. मार्चपासून ती रोज लेनोरबरोबर केअर सेंटरला येऊ लागली होती. घरी बसून कंटाळा येतो म्हणायची. तिथं गेल्यावर बाहेरच्या सोफ्यावर जुनी मासिकं चाळत बसायची. आणि गाडीत तोंड म्हणून मिटायची नाही. "हा लाल दिवा किती वेळ ठेवतात बाई!" "झाला बघ एकदाचा हिरवा." "ती निळी गाडी बघ कशी मधेच घुसली." लेनोरचं डोकं कधीकधी उठायचं. पण विधवा बाई, एकटी, बोलू दे बिचारीला, असं म्हणून ती सोडून द्यायची.

आज शार्लोट गप्प होती. लेनोर चाक दोन्ही हातांनी घट्ट धरून उजव्या कडेनं चालली होती. रस्त्यावरची पांढरी रेघ डागाच्या कडेला सापडली की तिला धीर यायचा. मोठ्या चौकात डावीकडे वळायचं होतं.

"लेनोर," शार्लोट म्हणाली, "ती मघाची तीन टिकल्यांची सोंगटी..."

"नको," लेनोर म्हणाली. "आत्ता नको."

"मग कधी? तू बोलत नाहीस, मी बोलत नाही. बॉबीच्या सगळं ध्यानात आलंय. तिनं मघाशी मला बाजूला घेऊन..."

लेनोरनं चाक फिरवलं. शार्लोट दिव्याबद्दल काही बोलली नाही, म्हणजे हिरवा असणार, असं तिच्या मनानं कधीच धरून टाकलं होतं. ते आपण धरून चालतो हे तिला तेव्हा, त्या क्षणी समजलं.

"माणूस!" शार्लोट किंचाळली. "लेनोर, माणूस! थांब!"

लेनोरनं ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला. गाडी हिसका देऊन थांबली आणि बॉनेटवर धप्पकन एक हात आदळला. सायकलवाला होता. पडला नव्हता. एक पाय जमिनीला टेकवून, बॉनेटचा आधार घेऊन उभा होता. मग तो खिडकीशी आला. त्याचे दंड दिसत होते, शर्टाची बाही दिसत होती. चेहऱ्याच्या जागी तो धुरकट डाग होता आणि डागातून आवाज आला.

"म्हातारे, डोळे फुटलेत का? लाल आहे, लाल!"

"माफ कर, बाळा," लेनोर म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "लागलं का तुला?"

"लागलं असतं!" तो म्हणाला, आणि सायकल ओढत निघून गेला.

मागून हॉर्न वाजायला लागले. शार्लोटनं एकेक शब्द सांगत गाडी बाहेर काढवली. "डावीकडे. अजून. आता सरळ. आता थांब." औषधांच्या दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये लेनोरनं इंजिन बंद केलं. दोघी जीव मुठीत धरल्यासारख्या बसून राहिल्या. 

"तू रोज दिवे सांगत होतीस," लेनोर शेवटी म्हणाली.

"हो."

"मला वाटायचं बडबड करतेस."

"बडबडही करतेच की मी." शार्लोटनं नाक पुसलं. "मार्चमध्ये तू कुंपणाला गाडी घासलीस आणि मला म्हणालीस, कुणीतरी पार्किंगमध्ये ठोकली. तेव्हाच कळलं. आजही तू दिलेला सहा मला दिसला होता. म्हटलं, घ्यावा गुपचूप. माझा डाव बाद झाला तरी चालेल, बॉबीला कळायला नको."

"आणि रोज या गाडीत बसत होतीस? भीती नाही वाटत?"

"भीती? लेनोर, अगं मला रात्रीचं जेवण जात नाही. घरी जाते आणि उलटी करते. दाराला धरून बसते मी, बघितलं नाहीस कधी?" मग तिच्या ध्यानात आलं आपण काय विचारलं ते, आणि ती रडायलाच लागली.

"मग यायचं कशाला वेडे?"

"मी आले नसते तर तू गेली नसतीस का? गेलीच असतीस. मग लाल दिवा कोण सांगणार होतं तुला?"

 इतके महिने लेनोरला फक्त स्वतःची भीती माहीत होती. परीक्षेची, डॉक्टरांची, मुलीच्या फोनची. रस्त्यावरच्या माणसांची भीती तिनं मनात येऊच दिली नव्हती. आणि बाजूला ही बाई रोज जिवाचा धोका पत्करून कंटाळ्याचं सोंग करत बसली होती. आपण कोण होऊन बसलो आहोत, असं लेनोरला वाटलं आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

"पाचला वीस मिनिटं कमी."

"तो ट्रे पावणेसहाला उचलतात." लेनोरनं किल्ली काढली, पण हातातून सोडवेना. "मी आत्ता चालवणं सोडलं तर तो आज जेवणार नाही. आणि उद्याही. तू सांग मला, शार्लोट, मी काय करू? सांग ना!"

 शार्लोटनं पर्समधून एक नाणं काढलं आणि दुकानाच्या दाराशी असलेल्या फोनकडे गेली.

बॉबी बारा मिनिटांत आली. लेनोर वाट बघत होती की ही आता येईल आणि हाडं मोडेल. कुणीतरी मेलं असतं तुझ्या हातून, असं म्हणेल. बॉबीनं फक्त गाडीचं दार उघडलं. "चल, ऊठ. माझ्या गाडीत बस. तुझी इथंच राहू दे, नंतर बघू."

"नंतर कोण आणणार?"

"नंतर बघू म्हटलं ना."

लेनोर मागच्या सीटवर बसली. गाडी सुरू झाल्यावर थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मघाशी बोलली का नाहीस? तुझाच कायदा ना?"

"बोलून काय करणार होते? सोंगटी पडली होती टेबलावर." बॉबी समोर बघत राहिली. "आणि खरं सांगू? घाबरले मी. तुझ्याकडे बघितलं आणि हातपायच गळाले माझे. आता सगळ्यांदेखत ही रडली तर काय करायचं?"

"तू आणि घाबरलीस?"

"हो, घाबरले. गावभर सांगत सुटू नकोस." मग ती म्हणाली, "ऐक. मंगळवार आणि गुरुवार माझे. मी नेईन, मी आणीन. बाकीच्या दिवसांचं मी कबूल करत नाही, माझा पाय मला रोज साथ देत नाही. फेच्या मुलाला रविवारचं विचारू. त्याहून जास्त काही मला आत्ता सुचत नाहीये."

आज मंगळवार होता. बोटांवर हिशेब करावा असं त्यात काही नव्हतं. दोन दिवस, फार तर तीन. लेनोर "बरं" म्हणाली.

इर्व्ह खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. ट्रे पुढ्यात होता, झाकणंही काढलेली नव्हती. ती दारात दिसली तेव्हा त्याची डावी भुवई वर गेली. उशीर झाला की तो तेवढंच करी. लेनोर त्याच्या डाव्या बाजूला बसली, त्याच्या गळ्याशी रुमाल बांधला आणि कोंबडीच्या सूपवरचं झाकण काढलं. पहिले चार चमचे तिनं नेहमीसारखे भरवले.  तो तिच्या हाताकडे बघत होता.

"इर्व्ह," ती म्हणाली, "उद्या मी येणार नाही."

त्यानं तोंड मिटलं.

"रागावू नकोस. मला दिसत नाही रे. आज एका माणसाच्या अंगावर गाडी घालत होते मी. गुरुवारी येईन, बॉबीबरोबर. परवा." तिनं त्याचा चेहरा बघायचा प्रयत्न केला. समोरून काही दिसेना, म्हणून मान वळवून कडेनं बघितलं. त्याचे डोळे ओले झाले होते की तिचेच, तेही तिला नीट सांगता आलं नसतं.

झटका आल्यानंतर इथं काम करणाऱ्या एका मुलीनं त्याला डाव्या हातानं खायला शिकवायचं ठरवलं होतं. दोन दिवस सगळं अंगावर सांडलं. लेनोरला ते बघवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं चमचा काढून घेतला आणि म्हणाली, राहू दे, मी आहे ना. त्या मुलीनं फार समजावलं होतं. ते आता लेनोरला आठवलं.

तिनं त्याचा डावा हात उचलला आणि चमचा त्याच्या बोटांत दिला.

"नो," इर्व्ह म्हणाला. उरलेल्या पाच-सहा शब्दांतला तो एक.

"धर."

"नो."

"माझ्यासाठी धर, इर्व्ह. मला भीती वाटते रे. धर ना."

त्यानं धरला. तिनं त्याच्या मुठीवर आपला हात ठेवला, चमचा सूपमध्ये बुडवला, वर आणला. तोंडाशी येईपर्यंत निम्मं रुमालावर गेलं. दुसऱ्या वेळी तिनं हात त्याच्या मनगटापर्यंत मागे घेतला. तिसऱ्या वेळी काढूनच घेतला आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. चमचा ट्रेच्या कडेवर आपटला, सूप पायजम्यावर सांडलं. पुसायला तिची बोटं उचलली गेली, ती तिनं परत मांडीवर दाबली.

बाहेरच्या सोफ्यावर बॉबी आणि शार्लोट कुजबुजत होत्या. मदतनीस बाई ट्रे उचलायला आली. लेनोरनं मान न वळवता तिला सांगितलं, "अजून थोडं थांबा. तो जेवतोय."